अडुसष्ट: सोलापूरच्या ओळखीच्या एका संख्येचे गणित

कंबरतलाव (धागाकर्ता)

भोगीच्या दिवशी नंदीध्वजांची मिरवणूक पाहत उभे असताना माझ्या सहावीतल्या पुतणीने विचारले, "काका, लिंगे अडुसष्टच का?" श्री सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात सोलापूरच्या पंचक्रोशीत ६८ लिंगांची स्थापना केली आणि गड्ड्याच्या यात्रेत त्या सर्व लिंगांना तैलाभिषेक होतो, एवढे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. 'का' या प्रश्नाचे उत्तर परंपरेचे जाणकार देतील आणि तो माझा प्रांत नाही. मात्र ६८ ही संख्या स्वतः कशी आहे, हे सांगणे मला शक्य होते. घरी येऊन कागद घेऊन बसलो, आणि जे हाती लागले ते येथे मांडतो.

६८ म्हणजे ४ गुणिले १७. तिचे विभाजक १, २, ४, १७, ३४ आणि ६८ असे सहाच आहेत. स्वतः ६८ वगळून उरलेल्यांची बेरीज ५८ होते, म्हणजे ही 'न्यून' संख्या झाली. हीच क्रिया पुढे चालू ठेवली तर ५८ वरून ३२, ३२ वरून ३१ आणि ३१ ही मूळ संख्या असल्याने तेथून थेट १ मिळतो. दोन वर्गांची बेरीज म्हणून ती ८ चा वर्ग अधिक २ चा वर्ग, म्हणजे ६४ अधिक ४, अशी लिहिता येते, आणि तीही एकाच प्रकारे. अंकांच्या वर्गांची बेरीज घेत गेले तर ३६ अधिक ६४ म्हणजे १००, आणि १०० वरून १. ज्या संख्या अशा रीतीने अखेरीस १ वर येतात त्यांना आनंदी संख्या म्हणतात. इथवरचे सगळे गोड असले तरी किरकोळ आहे, कारण असे चार-दोन गुण कोणत्याही संख्येत शोधून काढता येतात.

खरी नवलाची गोष्ट वेगळी आहे. ६८ ही दोन मूळ संख्यांची बेरीज म्हणून नेमकी दोनच प्रकारे लिहिता येते: ७ अधिक ६१ आणि ३१ अधिक ३७. तिच्या शेजारच्या ६६ ला असे सहा प्रकार आहेत आणि ७० ला पाच. याहून विशेष म्हणजे, नेमके दोनच प्रकार असणारी ६८ पेक्षा मोठी सम संख्या आजपर्यंत कोणालाही सापडलेली नाही. जाणकारांनी यावर अधिक लिहावे, अशी विनंती आहे.

जुनीमिल

धागा आवडला, परंतु आपल्या मोजणीत दोन जोड्या राहून गेल्या आहेत असे वाटते. १७ अधिक ५१ हे ६८ होतात, आणि १ अधिक ६७ हेही होतात. मग प्रकार चार झाले, दोन नव्हेत.

कंबरतलाव

५१ दिसायला मूळ वाटते खरी, पण ती ३ गुणिले १७ आहे. पाढे पाठ असलेली माणसेसुद्धा ५१, ५७ आणि ९१ येथे हमखास फसतात, आणि पहिल्या खेपेला मी स्वतः ५७ वर फसलो होतो, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नये.

१ अधिक ६७ ही जोडी मात्र इतक्या सहज निकालात काढता येत नाही. आज आपण १ ला मूळ संख्या मानत नाही, कारण ती मानली तर प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात हा नियम कोलमडतो. ६ चे अवयव २ आणि ३ आहेत, की १, २ आणि ३, की १, १, २ आणि ३, याला काही धरबंधच उरणार नाही. पण ज्यांच्या नावाने हा सगळा विषय ओळखला जातो त्या गोल्डबाख यांनी ७ जून १७४२ रोजी ऑयलर यांना जे पत्र लिहिले, त्यात ते १ लाही मूळ संख्यांत धरत होते. दोनापेक्षा मोठी प्रत्येक संख्या तीन मूळ संख्यांची बेरीज असते, असे त्यांचे म्हणणे होते, आणि 'दोनापेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते' हे आज सर्वांना माहीत असलेले रूप ऑयलर यांच्या उत्तरातून पुढे आले. तेव्हा आपली १ अधिक ६७ ही जोडी चूक असली तरी तिला पावणेतीनशे वर्षांचा मान आहे.

पूर्वभाग

आमच्या घरी तेलुगू बोलतात आणि तीन पिढ्या मागावर गेल्या आहेत, म्हणून या संख्येकडे मी वेगळ्या बाजूने पाहतो. नक्षी विणताना एक नमुना ठरावीक तारांनंतर पुन्हा सुरू होतो, त्यामुळे एकूण तारांचे समान भाग किती प्रकारे पडतात याला आमच्या धंद्यात फार महत्त्व असते. ६० तारांचे दोन, तीन, चार, पाच, सहा, दहा, बारा असे हवे तसे भाग पडतात. ७२ चेही तसेच. ६० आणि ७२ या दोघींनाही बारा-बारा विभाजक आहेत आणि त्यांच्या मध्ये बसलेल्या ६८ ला जेमतेम सहा. तिचे तीन भाग होत नाहीत, पाच होत नाहीत, सहा होत नाहीत. चार केले की १७ तारांचा एक भाग पडतो आणि पुढे तो १७ काही केल्या तुटत नाही. विणकराच्या दृष्टीने ही अडेलतट्टू संख्या आहे.

जाता जाता एक गंमत सांगतो. मराठीत आपण आधी आठ आणि मग साठ म्हणतो: अडुसष्ट. तेलुगूत 'अरवै एनिमिदि' आणि कन्नडात 'अरवत्तेंटु', म्हणजे दोन्हीकडे आधी साठ आणि मग आठ. सोलापुरात एकाच वर्गात या तिन्ही भाषांची मुले बसतात, त्यामुळे मास्तरांनी 'अडुसष्ट' म्हटल्यावर एखाद्याच्या पाटीवर ८६ उमटले तर त्याला एकदम रागावू नये.

सातरस्ता

सर्वांचे प्रतिसाद वाचून मला असे वाटते की हा योगायोग असूच शकत नाही. दोनच जोड्यांची सर्वांत मोठी संख्या ६८ आणि आपल्या गावी लिंगेही ६८. आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वी हे ज्ञान आपल्याकडे होते आणि पुढे ते युरोपात गेले, असे का मानू नये?

कंबरतलाव

आपली भावना मी समजू शकतो, पण असे मानायला माझी तयारी नाही. असे काही मानायचे तर कोठेतरी तसा उल्लेख, निदान मूळ संख्यांच्या जोड्यांची चर्चा, दिसली पाहिजे. शिवाय ६८ हा आकडा केवळ सोलापूरचा नाही. अडुसष्ट तीर्थांचा उल्लेख देशभरच्या संतवाणीत येतो आणि तेथे त्याचा अर्थ पावित्र्याचा आहे, बेरजेच्या जोड्यांचा नाही. सिद्धरामेश्वरांचे थोरपण गोल्डबाख यांच्या प्रमाणपत्रावर अवलंबून नाही, आणि गोल्डबाख यांच्या प्रश्नाचे अवघडपणही आपल्या यात्रेवर अवलंबून नाही. एक आकडा दोन्ही ठिकाणी भेटतो, एवढ्यावर मी समाधानी आहे. आपण धाग्यावर यावे आणि गणिताच्या बाजूने लिहावे, अशी मात्र मनापासून इच्छा आहे.

निवृत्तमास्तर

दोनच प्रकार का, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर शाळेतल्या बाकीच्या हिशोबाने देता येते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

६८ ला ३ ने भागले तर बाकी २ उरते. आता जोडीतली एक मूळ संख्या अशी घ्या की तिला ३ ने भागल्यावर बाकी २ उरते, जसे ५, ११, १७, २३. तिला ६८ मधून वजा केले की उरणारी संख्या ३ ने निःशेष भागली जाते: ६३, ५७, ५१, ४५. ३ ने भागली जाणारी मूळ संख्या फक्त ३ हीच, आणि ६८ वजा ३ म्हणजे ६५, जी मूळ नाही. म्हणजे बाकी २ उरणाऱ्या सगळ्या मूळ संख्या एका फटक्यात बाद झाल्या आणि ३ सुद्धा गेली. ६८ च्या आत एकूण १९ मूळ संख्या आहेत. त्यांपैकी बाकी १ उरणाऱ्या तेवढ्या शिल्लक राहिल्या, त्या अशा: ७, १३, १९, ३१, ३७, ४३, ६१, ६७. या आठच.

आता ५ चा हिशोब करा. ६८ ला ५ ने भागले तर बाकी ३. ज्यांची बाकी ३ आहे त्यांचा जोडीदार ५ ने भागला जाणार. म्हणून १३ चा जोडीदार ५५ आणि ४३ चा २५, दोघेही गेले. १९ चा जोडीदार ४९ हा ७ चा वर्ग निघाला. ६७ चा जोडीदार १, ज्याची चर्चा वर झाली आहे. उरल्या ७, ३१, ३७ आणि ६१, आणि या चौघींच्या आपापसांत बरोबर दोन जोड्या लागतात.

याउलट ६६ पाहा. ती स्वतः ३ ने भागली जाते, त्यामुळे बाकी १ वाल्या मूळ संख्येचा जोडीदार बाकी २ वाला येतो आणि बाकी २ वालीचा बाकी १ वाला. ३ च्या चाळणीत फक्त ३ ही एकच संख्या अडकते. म्हणून तेथे ५ आणि ६१, ७ आणि ५९, १३ आणि ५३, १९ आणि ४७, २३ आणि ४३, २९ आणि ३७ अशा सहा जोड्या जमतात. ७० मध्ये ३ चा फायदा नाही, पण ती ५ ने आणि ७ ने भागली जाते, म्हणून त्या दोन चाळण्या तिला जाचत नाहीत.

हार्डी आणि लिटलवुड यांनी १९२३ मध्ये जोड्यांच्या संख्येचा जो अंदाज मांडला, त्यात हीच गोष्ट गुणकाच्या रूपात येते. सम संख्येला भागणाऱ्या प्रत्येक विषम मूळ संख्येसाठी, ती वजा १ भागिले ती वजा २, असा गुणक लावायचा. ३ साठी हा गुणक २ येतो, ५ साठी ४/३, ७ साठी ६/५, आणि ६८ च्या वाट्याला आलेल्या १७ साठी केवळ १६/१५, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पूर्वभाग यांना मागावर जो १७ नडला तोच येथेही नडला आहे, असे म्हणायला हरकत नाही. मात्र या हिशोबाने ६६ च्या जोड्या ६८ च्या साधारण दुप्पट याव्यात, प्रत्यक्षात त्या तिप्पट आहेत. हा अंदाज फार मोठ्या संख्यांसाठी आहे. इतक्या लहान संख्येत १९ समोर नेमका ४९ येणे यासारख्या बारीकसारीक योगायोगांनीही आपला वाटा उचललेला असतो.

शेंगाचटणी

मास्तर, आपले लिखाण वाचून प्रथमच हे नीट कळले. माझी शंका अशी की धागाकर्त्यांनी 'सापडलेली नाही' असे म्हटले आहे, 'अस्तित्वात नाही' असे म्हटलेले नाही. हा फरक शब्दांचाच आहे, की त्यात काही अर्थ आहे?

निवृत्तमास्तर

त्यात सगळाच अर्थ आहे. ६८ पेक्षा मोठ्या कोणत्याही सम संख्येला किमान तीन जोड्या असतातच, हे जर कोणी सिद्ध केले तर त्यातूनच गोल्डबाख यांची अटकळ सिद्ध होईल, कारण ज्या संख्येला तीन जोड्या आहेत तिला एक जोडी असणारच. आणि ती अटकळ १७४२ पासून आजतागायत सिद्ध झालेली नाही. संगणकाने ४ वर १८ शून्ये इतक्या मर्यादेपर्यंतच्या सर्व सम संख्या तपासून झाल्या आणि प्रत्येकीला निदान एक जोडी मिळाली, पण तपासणी कितीही लांबली तरी तिला सिद्धता म्हणत नाहीत. म्हणून ६८ चे हे बिरुद आजही तात्पुरते आहे. न्यायालयाच्या भाषेत सांगायचे तर निकाल राखून ठेवलेला आहे.

ज्यांना पुढे जायचे असेल त्यांच्यासाठी: एकच प्रकार असणारी सर्वांत मोठी ज्ञात सम संख्या १२ आहे, दोन प्रकारांची ६८, तीन प्रकारांची १२८, चारांची १५२ आणि पाचांची १८८. १२ सोडली तर या सर्वांना ३ ने भागल्यावर बाकी २ च उरते, आणि यांच्यात ३, ५ किंवा ७ असा एकही लहान विषम अवयव नाही. १२८ मध्ये तर २ शिवाय दुसरा अवयवच नाही.

रांगोळीताई

आपण सर्व १७ ला अडेलतट्टू ठरवून मोकळे झालात, म्हणून त्याच्या बाजूने कोणीतरी बोलले पाहिजे. आमच्या मंडळाने यंदा संक्रांतीला वर्तुळावर ६८ समान टिंबे देऊन रांगोळी काढायचे ठरवले होते. कोनमापकाने हे काम होत नाही, कारण प्रत्येक टिंबाचा कोन ५ पूर्णांक ५/१७ अंश येतो आणि शेवटच्या टिंबापर्यंत जाताना चूक साठत जाते. तेव्हा कळले की केवळ पट्टी आणि कंपास यांनी ६८ बाजूंचा सुसम बहुभुज अचूक काढता येतो, आणि त्याचे कारण तो १७ च आहे.

गाउस यांनी १७९६ मध्ये, वयाची १९ वर्षे पूर्ण होण्याआधीच, १७ बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी-कंपासाने काढता येतो हे दाखवून दिले. १७ मधून १ वजा केला की १६ उरतात, आणि १६ म्हणजे २ चा चौथा घात. त्यामुळे सगळा हिशोब एकामागून एक वर्गमुळे काढत संपतो, आणि वर्गमूळ तर कंपासाने काढता येते. एकदा १७ भाग झाले की प्रत्येक कंस दुभागला की ३४, आणि पुन्हा दुभागला की ६८. नेमक्या कोणत्या बहुभुजांना ही सोय आहे याची कसोटी पुढे १८३७ मध्ये वांत्सेल यांच्या सिद्धतेने पक्की झाली, आणि त्या कसोटीप्रमाणे ६४ आणि ८० यांच्या मध्ये ही सोय फक्त ६८ ला आहे. विभाजकांच्या बाबतीत श्रीमंत असलेल्या ७२ लाही ती नाही.

यातली गंमत अशी की नंदीध्वज सात आहेत, आणि सात बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी-कंपासाने काढणे अशक्य आहे, कारण ७ वजा १ म्हणजे ६ आणि त्यात ३ हा अवयव येतो. म्हणजे गच्चीवर सूत आणि खडू घेऊन बसले तर अडुसष्ट लिंगांच्या जागा वर्तुळावर अचूक समान अंतराने मांडता येतील, पण सात नंदीध्वजांच्या मांडता येणार नाहीत. आम्ही १७ चे भाग पाडताना तीन वेळा पुसले आणि चौथ्या वेळी जमले, हेही प्रामाणिकपणे नोंदवते.

सातरस्ता

माझ्या आधीच्या प्रतिसादाला मिळालेले उत्तर मी शांतपणे वाचले आणि ते मला पटले. आता गणिताच्या बाजूने माझी भर. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे देवळालीचे शाळामास्तर ६१७४ या आकड्यामुळे सर्वांना माहीत आहेत, पण त्यांनी स्वयंभू संख्यांचाही विचार मांडला होता. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या तयार होते. जी संख्या अशा रीतीने कोणापासूनही तयार होत नाही ती स्वयंभू. मी ५० पासून ६७ पर्यंत सर्व संख्या तपासल्या. ६१ मध्ये ६ अधिक १, म्हणजे ७ मिळवले की ६८ होतात, म्हणून ६८ स्वयंभू नाही. ८६ मात्र स्वयंभू आहे.

कंबरतलाव

वा! आपण लिहिलेल्या बेरजेकडे पुन्हा एकदा पाहावे. ६१ अधिक ७ हीच तर ६८ च्या दोन जोड्यांपैकी पहिली जोडी आहे. आणि आपली लिंगेही स्वयंभू नव्हेत, सिद्धरामेश्वरांनी स्थापन केलेली आहेत. योगायोगांपासून दूर राहण्याचा उपदेश मीच केला होता, तरी हा योगायोग मला आवडला हे लपवत नाही.

याच जातीची आणखी एक नोंद करतो आणि ती तिथेच सोडतो. पायच्या दशांश विस्तारात ०० पासून ९९ पर्यंतच्या शंभर दोन-अंकी जोड्यांपैकी सर्वांत उशिरा दिसणारी जोडी ६८ ही आहे. ती प्रथम ६०५ आणि ६०६ या दशांश स्थळी येते. यामागे कोणतेही कारण नाही. शंभरांपैकी कोणीतरी शेवटी येणारच होते.

शेंगाचटणी

आमच्या शिकवणीत आठवीच्या मुलांना मी निवृत्तमास्तरांचा प्रतिसाद वाचून दाखवला आणि ७० पासून २०० पर्यंतच्या सम संख्या वाटून दिल्या. चौकटीच्या वहीत एका बाजूला मूळ संख्या आणि दुसऱ्या बाजूला जोडीदार, असे दोन संध्याकाळ काम चालले. दोन जोड्यांची संख्या एकालाही मिळाली नाही. तीन जोड्यांची पहिल्या दिवशी १२८ ही एकच मिळाली: १९ आणि १०९, ३१ आणि ९७, ६१ आणि ६७. दुसऱ्या दिवशी एका मुलीने ९८ ही संख्या पुन्हा तपासायला मागितली, कारण ज्याच्याकडे ती होती त्याने तिच्या चार जोड्या लिहिल्या होत्या: ७ आणि ९१, १९ आणि ७९, ३१ आणि ६७, ३७ आणि ६१. तिने फळ्यावर ९१ खाली ७ गुणिले १३ असे लिहिले, पहिली जोडी खोडली, आणि ९८ चे नाव १२८ च्या शेजारी लिहून ठेवले.